एका माउसला तीन पोरं: शाळेतल्या कोडिंगच्या नोंदी, जुलै २०२४ ते मार्च २०२५

यवतमाळ जिल्हा, दारव्हा तालुका, जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी. शिक्षक दोन, मुख्याध्यापक सर आणि मी. तिसरी-चौथी मिळून पंचवीसेक पोरं, निम्मी गावातली आणि निम्मी शेजारच्या तांड्यावरची. पोरांना कोडिंग, म्हणजे कॉम्प्युटरला काय करायचं ते पायरीपायरीनं सांगणं, शिकवायचं मनात असलेल्या बऱ्याच मॅडम-सरांचे फोन येतात आणि फोनवर सगळं सांगणं होत नाही, म्हणून या नोंदी. पोरांची नावं मुद्दाम घातली नाहीत.

कोणी प्रोग्रामर व्हावा म्हणून हे सुरू केलेलं नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणात कोडिंग सहावीपासून पुढं येतं, आमची पोरं त्याच्या खालची. मला पाहिजे होतं की पोरांनी नीट सांगावं, दुसऱ्याचं ऐकावं, आपली पाळी येईपर्यंत थांबावं, अडलं तर विचारावं आणि स्वतःच्या डोक्यानं ठरवावं. जागतिक आरोग्य संघटनेची दहा जीवनकौशल्यं आपण सगळ्यांनी प्रशिक्षणात वहीत उतरवून घेतली आहेत, वर्गात ती कुठून आणायची हा प्रश्न तसाच राहतो.

४ जुलै

कपाट उघडलं. तीन डेस्कटॉप, बरेच वर्षांपूर्वी कुठल्यातरी योजनेतून आलेले, त्यावर पडद्याचं कापड आणि त्यात उंदरांनी केलेलं घर. दोन माउसच्या वायरी कुरतडलेल्या. एक मशीन चालू झालं पण तारीख १ जानेवारी २००९ दाखवत होतं, बाकी दोन नुसतीच बीप करत होती.

बीप येत असेल तर दुरुस्तीवाल्याकडे न्यायच्या आधी हे करा: मेन स्विच बंद, मागची वायर काढायची, बाजूचं झाकण उघडायचं, रॅमची (मेमरीची) पट्टी दोन्ही बाजूच्या क्लिपा दाबून बाहेर काढायची आणि सोनेरी दातांवरून साधं खोडरबर हळूच फिरवायचं. धूळ ब्रशनं, फुंकर मारायची नाही, तोंडातली वाफ जाते. एक मशीन एवढ्यावरच उठलं. तारखेचं दुखणं म्हणजे आतला गोल सेल संपलेला, चाळीस रुपयांत येतो.

तिसऱ्याचा एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा आतला डबा, गेला होता. तो बदलून घेतला, ८५० रुपये.

९ जुलै

स्क्रॅच टाकायला बसले आणि पूर्ण दुपार गेली. स्क्रॅच एमआयटीच्या मीडिया लॅबनं २००७ मध्ये लोकांसाठी खुलं केलं, फुकट आहे, रंगीत ठोकळे एकाला एक जोडायचे आणि स्क्रीनवरची मांजर तसं वागते. आता जी तिसरी आवृत्ती मिळते तिला विंडोज १० लागतं. आमच्याकडे विंडोज ७ आणि २ जीबी रॅम. इन्स्टॉल सुरूच होईना. नवीन विंडोज या मशीनला झेपलं नसतं.

शेवटी स्क्रॅच २ ची ऑफलाइन आवृत्ती पेनड्राइव्हमधून टाकली. तिच्या आधी अडोबी एअर नावाचं दुसरं सॉफ्टवेअर टाकावं लागतं, ते राहिलं तर काहीच होत नाही आणि कारणही समजत नाही. शाळेत नेट नाही, त्यामुळं दोन्ही फाइली दारव्ह्याहून घेऊन आले.

ठोकळ्यांवर इंग्रजी. पोरांना ते वाचता येत नाही, पण रंग कळतात, निळा म्हणजे हालचाल, जांभळा म्हणजे दिसणं-बोलणं. नेहमी लागतात तेवढेच ठोकळे जाड कागदावर त्याच रंगात मराठीत काढले, "१० पावलं चाल", "थांब", "पुन्हा पुन्हा कर", आणि लॅमिनेट केले. वर्षभर सगळ्यात जास्त वापरली गेली ती ही कार्डं.

१३ जुलै, शनिवार

आनंददायी शनिवारचे, म्हणजे पुस्तकाबाहेरच्या उपक्रमांचे, तास आता हक्काचे मिळतात, त्यातच हे बसवलं. पहिला तास कॉम्प्युटरला हात न लावता.

व्हरांड्यात खडूनं चौकोन आखले. एक पोरगा रोबोट, डोळ्याला रुमाल. बाकीच्यांनी तोंडानं सांगून त्याला पाण्याच्या टाकीपर्यंत न्यायचं. पहिलं फिसकटलं ते असं की रुमाल असला तरी टाकी कुठं आहे हे रोबोटला पाठ होतं, तो सूचना न ऐकता आपला चालत सुटला. मग टाकीच्या ऐवजी रोज वेगळ्या चौकोनात दप्तर ठेवायला लागलो.

दुसरं, उजवा कोणाचा? सांगणारी पोरगी समोर उभी, तिचा उजवा म्हणजे त्याचा डावा. तो भिंतीवर गेला आणि सगळे ओरडले, "ढोर हाय काय रे, उजवा कोनता समजत नाही काय?" तो रुमाल काढून कोपऱ्यात जाऊन बसला, पुन्हा यायला तयारच नाही.

तिथंच एक नियम केला आणि फळ्याच्या कोपऱ्यात वर्षभरासाठी लिहून ठेवला: रोबोट चुकला तर सांगणं तपासा. रोबोटला नावं ठेवायची नाहीत, आपण काय बोललो ते आठवायचं आणि वाक्य बदलायचं. सांगणारी त्याच्या पाठीमागं जाऊन उभी राहिली, त्याच्याच दिशेला तोंड करून, आणि म्हणाली, "आता तुह्या पेनवाल्या हाताकडे वळ." तो बरोबर वळला. हे तिचं तिला सुचलं. त्या दिवसापासून आमच्याकडे उजवा म्हणजे पेनवाला हात.

२० जुलै

मशीनवर पहिला दिवस. तीन मशीन, प्रत्येकावर आठ पोरं, नुसता गोंधळ. माउस ज्याच्या हातात तो राजा. चौथीतले तीन मोठे पोट्टे तिन्ही माउस धरून बसले, पोरी मागं उभ्या राहून एकमेकींच्या वेण्या घालत होत्या, तांड्यावरची पोरं तर दाराशीच. "मले दे ना, मले दे ना" करत एकानं माउस ओढला आणि तो खाली पडून फुटला. २५० रुपये.

२७ जुलै

एका वेळी नऊच पोरं आत, बाकीची सरांकडे वाचनाला. एका मशीनला तिघं आणि तिघांना तीन कामं: एक सांगणारा, एक करणारा, एक बघणारा. करणाऱ्याच्या हातात माउस पण डोकं सांगणाऱ्याचं, त्यानं न सांगितलेला ठोकळा करणाऱ्यानं उचलायचा नाही. बघणाऱ्यानं हात मागं बांधून चूक शोधायची. मोठे प्रोग्रामर लोकही दोघं दोघं मिळून असंच काम करतात, एक लिहितो, एक पाहतो.

कामं कधी बदलायची इथं घोळ झाला. घड्याळ लावून पाच-पाच मिनिटं ठेवली तर ऐन विचारात पोराच्या हातून माउस जायचा आणि तो रुसायचा. स्क्रॅचमध्ये प्रोग्राम चालू करायला हिरवा झेंडा दाबतात. मग ठरवलं की तो दाबला की कामं बदलायची. तर पोट्टे एकही ठोकळा न लावता झेंडाच दाबायला लागले, माउस लवकर यावा म्हणून.

३ ऑगस्ट

यावर जे टिकलं ते हे: झेंडा दाबायच्या आधी सांगणाऱ्यानं मोठ्यानं सांगायचं की आता काय होणार. "मांजर तीनदा पुढं जाईन अन् म्याऊ करन." बघणाऱ्यानं ऐकायचं, मग झेंडा. तसंच झालं तरी कामं बदलणार, नाही झालं तरी बदलणार. फक्त तसं झालं नाही तर पुढच्या सांगणाऱ्याला ते दुरुस्त करावं लागतं.

बोलायचं आहे म्हटल्यावर आधी विचार करावा लागतो, म्हणून उगाच झेंडा दाबणं आपोआप थांबलं. दुसऱ्याची अर्धवट गोष्ट आपल्या हातात येते, त्यामुळं आधीच्यानं काय केलंय ते विचारावंच लागतं. आणि फसलं तर एकट्याच्या माथी येत नाही.

मशीन कमी आहेत म्हणून थांबलेल्यांना सांगते, प्रत्येकाला एक मशीन दिलं असतं तर हे आमच्याकडे झालंच नसतं. तीन मशीन असतील तर तीनच ठेवा, बसायची पद्धत नीट लावा.

१० ऑगस्ट

गावात हगवण सुरू होती, पोरं गैरहजर. विषय तोच घेतला, मीठ-साखर-पाणी. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाच्या चमच्यानं सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. आधी पोषण आहारवाल्या ताईंकडून भांडी आणून खरंच केलं, मग स्क्रॅचमध्ये. एका गटानं साखरेच्या आधी "हलव" लावलं आणि मांजर रिकामं पाणी हलवत बसली, त्यावरून क्रम का लागतो हे मला बोलावं लागलं नाही. दुसऱ्या गटाचं मीठ अर्ध्या चमच्याच्या पुढं गेलं की मांजर "खारट झालं, फेकून दे, नवीन कर" म्हणते. ते तसंच पाहिजे, जास्त मीठ बाळाला धोक्याचं असतं.

आवाज पोरांनी स्वतः भरले. मराठी टायपिंग कोणाला येत नाही, ते शिकवण्यात वेळ घालवायचाच नाही असं ठरवलं. ३५० चा माइकवाला हेडफोन घ्या, टायपिंगचं सोडून द्या.

१७ ऑगस्ट

पाऊस आला की लाइन गेलीच. स्क्रॅच २ आपोआप सेव्ह करत नाही. चौथीतल्या एका पोराचं दोन शनिवारचं काम गेलं आणि तो टेबलावर डोकं ठेवून रडला, उगी म्हटलं तरी ऐकेना. त्याच्या गटातली पोरगी शेजारी बसून राहिली, काही बोलली नाही, मग कार्डं घेऊन जमिनीवर आधीचा प्रोग्राम आठवून आठवून मांडायला लागली. तो थोड्या वेळानं खाली उतरला, "थे नाही, थो जांभळा आधी होता" म्हणत. लाइन आली तेव्हा सगळं जमिनीवर तयार होतं, फक्त उचलून लावायचं होतं.

लाइन गेल्यावर थोडा वेळ मशीन चालू ठेवणाऱ्या यूपीएसची बॅटरी बदलली, ११५० रुपये, बारा व्होल्ट सात अँपिअरची. एका यूपीएसवर एकच मशीन, दहा मिनिटं मिळतात. बघणाऱ्याला आणखी एक काम दिलं, बीप ऐकू आली की "सेव्ह!" ओरडायचं.

३ सप्टेंबर, तान्हा पोळा

काल पोळा, आज तान्हा पोळा, शाळेत दोन्ही दिवस कोणी नाही, म्हणून पोळ्याचा खेळ मागच्या शनिवारीच पूर्ण करून घेतला. पोरांनी स्वतः निवडलेला हा पहिला विषय. तोरणाखाली बैल रांगेत, झडत्या (पोळ्याची गाणी) होतात, तोरण तुटतं, मग बैल सुटतात. एका चित्रानं दुसऱ्याला संदेश पाठवायचा ठोकळा शिकवायला याच्यापेक्षा चांगलं मला काही मिळालं नसतं, कारण तोरण तुटल्याशिवाय बैल हलायचा नाही हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. एका गटाचा पांढरा बैल आधीच पळायचा, बघणारा ओरडायचा, "अबे, तोरन तुटलं नाही अजून, कायले पयते हा?" कारण असं की त्याला संदेशाची वाट पाहायला सांगितलंच नव्हतं, तो हिरव्या झेंड्यावरच होता.

आणि सगळ्यांचा बैल स्क्रीनच्या काठाला लागून परतताना पाय वर करून उलटा चालायचा. ज्यांना हे होईल त्यांच्यासाठी: काठावरून उलट फिर या ठोकळ्याच्या आधी फिरण्याची पद्धत डावी-उजवी अशी लावायची. यात आमचा अख्खा तास गेला.

झडती कोणी म्हणायची यावर वाद झाला. तांड्यावरची तिसरीतली एक पोरगी वर्गात बोलतच नाही, घरी गोरमाटी (बंजारा लोकांची भाषा), मराठी समजते पण तोंडातून येत नाही. तिच्या गटातल्या पोरानं विचारलं, तुमच्या भाषेत बैलाले काय म्हनते? ती हळूच बोलली. तो म्हणाला, थेच भर मंग. तिनं माइक तोंडाजवळ धरून बैलाला हाकायची हाळी घातली, खणखणीत, आम्ही सगळे पाहतच राहिलो. आता तिन्ही मशीनवरचे बैल गोरमाटीत हाक मारल्यावरच चालतात, कारण बाकीच्या गटांनी तिला बोलावून भरून घेतलं.

आज संध्याकाळी लाकडी बैल घेऊन बोजारा (खाऊ-पैसे) मागत फिरणाऱ्या पोरांत ती दिसली, सगळ्यांच्या पुढं.

२१ सप्टेंबर

सापाचा विषय. सोयाबीन भरलंय, धुऱ्यावर (बांधावर) गवत कंबरेएवढं, दरवर्षी या दिवसांत कोणालातरी चावतो. आपल्याकडे मुख्य विषारी चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दुखतही नाही फारसं, त्यामुळं सकाळपर्यंत कळत नाही. म्हणून खाट आणि मच्छरदाणी.

निर्णय घेण्याचा खेळ करायचा ठरला. स्क्रीनवर एक पोरगा, त्याला साप चावतो, दोन चित्रं येतात, दवाखाना आणि मांत्रिक, एकावर क्लिक करायचं. टायपिंग नको म्हणून क्लिक.

२८ सप्टेंबर

खेळ चालला पण उलटाच. पोरांनी मांत्रिकाच्या वाटेवर पोरगा तडफडून मरतो, भुताचा आवाज येतो, स्क्रीन लाल होते असं भारी करून ठेवलं. दवाखान्याच्या वाटेवर नुसतं "बरा झाला". साहजिकच जो येईल तो मांत्रिकावरच क्लिक करतो, पुन्हा पुन्हा. पहिली-दुसरीची पोरं तर त्यासाठी रांग लावून. आरोग्याच्या गोष्टी भीती दाखवून शिकवायची सवय आपल्याला आहे, पोरांनी तीच उचलली आणि त्यात मजा शोधली.

आणि खरी अडचण वेगळीच निघाली. चौथीतला एक पोरगा खेळायलाच येईना. खूप वेळानं बोलला, "मॅडम, माह्या आजोबाकडे येतात लोकं. साप उतरवाले. तुमी त्याईले मारनारे दाखवून रायले."

वर्ग एकदम गप्प झाला, मलाही तिथल्या तिथं उत्तर सुचलं नाही. आजोबा गावात मान असलेले, पैसे घेत नाहीत, पोरगा त्यांच्याच मांडीवर वाढला. चित्र काढून टाका म्हणावं तर विषयच संपतो, राहू द्या म्हणावं तर पोरगा तुटतो. त्याला सांगितलं, तू आणि तुझा गट मिळून ठरवा, पण एक अट, चावलेला पोरगा वाचला पाहिजे.

५ ऑक्टोबर

त्यांनी जे करून आणलं ते मला सुचलं नसतं. मांत्रिकाच्या चित्रावर क्लिक केलं तर आजोबा दिसतात, घड्याळाचा काटा पुढं सरकतो आणि आजोबाच म्हणतात, "मी मंत्र म्हनतो, पन तू आधी गाडी काढ." आणि पुन्हा तोच प्रश्न येतो, आता काय करशील? म्हणजे चुकीच्या वाटेवर गेलं तरी खेळ संपत नाही, परत फिरता येतं, फक्त वेळ गेलेला दिसतो. जितका वेळ गेला तितकं दवाखान्यात जास्त दिवस राहावं लागतं. तडफडणं, भूत सगळं काढून टाकलं. मांत्रिकावर उगाच क्लिक करणंही थांबलं, कारण तिथं पाहण्यासारखं काही उरलं नाही.

आजोबांचा आवाज त्या पोरानं स्वतः भरला नाही. घरून माझ्या फोनवर आजोबांनाच बोलायला लावलं. त्यांनी आधी विचारलं म्हणे, हे कोन आयकनार हाय? पोरगा म्हणाला, सारं गाव. मग बोलले.

दवाखान्याच्या वाटेवर आता पायऱ्या आहेत: घाबरू नको, चावलेला हात-पाय हलवू नको, अंगठी-बांगडी काढ, आवळून बांधू नको, कापू नको, चोखू नको, १०८ ला फोन कर, सरकारी दवाखान्यात सापाच्या विषावरचं इंजेक्शन असतं तिथं चल. तपासून घ्यायला आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरना बोलावलं, त्यांनी "चावलेल्या पोराला पाणी पाजताय ते काढा" एवढीच दुरुस्ती सांगितली.

पूर्ण वर्षातून एकच खेळ घ्यायचा असेल तर हा घ्या. पण मांत्रिक, भगत, जे कोणी तुमच्या गावात आहेत ते कोणाचे तरी आजोबा आहेत हे धरूनच सुरुवात करा.

ऑक्टोबर, सोयाबीन

हजेरी निम्म्यावर. तिघांचे गट मोडले, दोघांवर चालवलं, बघणाऱ्याशिवाय. चुका लगेच वाढल्या. घरच्या लॅपटॉपवर मी दुसऱ्या सत्रासाठी काही नमुने करून आणले, शाळेत उघडेचनात: माझ्याकडे स्क्रॅच ३, त्याची फाइल स्क्रॅच २ उघडत नाही. उलट चालतं, जुनी फाइल नव्यात उघडते. घरीही जुनीच आवृत्ती टाकली.

पहिली-दुसरीसाठी सरांच्या टॅबवर स्क्रॅचज्युनिअर सुरू केलं, पाच ते सात वर्षांच्या पोरांसाठीचं, त्यात वाचावं लागतच नाही, सगळ्या खुणा. ते चौथीतल्यांनी शिकवायचं. छान चाललंय, त्यावर वेगळं लिहीन.

नोव्हेंबर

दिवाळीनंतर तांड्यावरची बरीच घरं ऊसतोडीला गेली. बैलांना हाळी देणारी पोरगीही गेली. जायच्या आधी तिला तिचं काम पाहिजे होतं, पण आईच्या फोनवर ही फाइल चालत नाही, म्हणून स्क्रीनचा व्हिडिओ काढून दिला.

२० तारखेला विधानसभेचं मतदान, शाळेत बूथ, आमची दोघांची ड्यूटी बाहेर. मशीन कपाटात हलवली आणि परत लावल्यावर एक उठेना. खोडरबर, सेल सगळं झालं. शेवटी तीन पोरं मिळून एक-एक वायर काढून-लावून पाहत बसली, सांगणारा, करणारा, बघणारा, त्यांचं त्यांनीच, आणि मॉनिटरची वायर अर्धवट बसलेली सापडली. बघणाऱ्यानं वहीत लिहून ठेवलं की पुढच्या वेळी आधी हे पाहायचं.

७ डिसेंबर

कापूस वेचणी जोरात. चौथीतल्या एका पोरीनं स्वतःहून हिशेबाचा प्रोग्राम केला, आज किती किलो असं मांजर विचारते, किलोमागचा दर विचारते आणि गुणून सांगते. आकडे टाइप करता येतात पोरांना, तिथं अडत नाही. आई संध्याकाळी वहीत किलो लिहिते, शनिवारी पोरगी आठवड्याचं शाळेत लावून घरी सांगते. आता गल्लीतल्या दोन-तीन बायांच्या वह्या तिच्याकडे असतात. तिच्या दप्तरातल्या त्या वह्या कोणी उघडायच्या नाहीत, असं तिनंच वर्गाला बजावलं, "त्याईचे पैशे हाय."

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर गावाला दाखवलं. शाळा व्यवस्थापन समितीनं पडदा आणि प्रोजेक्टर एका दिवसासाठी आणून दिला. सापाच्या खेळात आजोबांचा आवाज आला तसं लोक हसले, मग गप्प होऊन ऐकलं. आजोबा पुढच्या खुर्चीवरच होते. एका बाईनं उठून विचारलं, रात्री गाडी नसली तर काय करायचं? पोरांकडे उत्तर नव्हतं. त्यांनी ते लपवलं नाही, सांगणारी म्हणाली, "हे आमी टाकलंच नाही, विचारून टाकतो." त्यानंतर ग्रामपंचायतीनं गावात रात्री गाडी देऊ शकतील अशांचे नंबर गोळा केले, ते शाळेच्या भिंतीवर आणि खेळातही आहेत.

८ फेब्रुवारी

बरेच जण विचारतात, फरक पडला का. मला दिसतं तेवढं लिहिते. गणिताच्या तासाला पोरं "येत नाही" म्हणायच्या ऐवजी "इथपर्यंत आलं, इथं अडलं" म्हणतात, हे तिसरी-चौथीतल्या बहुतेकांचं. मैदानावरची भांडणं आहेत तशीच आहेत, लंगडीच्या डावात कोणी सांगणारा-बघणारा करत नाही. माउस धरून बसणाऱ्या तीन मोठ्या पोट्ट्यांपैकी एकाला अजूनही दुसऱ्याच्या सांगण्यावर माउस चालवणं जमत नाही, तो हात मागं बांधून बघणारा मात्र उत्तम आहे, त्याला तेच काम जास्त देते. मुलींनी माउस घ्यायला दिवाळी उजाडली, आणि तेही मुलींचे वेगळे गट केल्यावर नाही, मिसळ गटात पहिलं सांगणारं काम नेहमी मुलीला दिल्यावर. मुलींचे वेगळे गट करून पाहिले होते, तर पोरं त्यांच्या मशीनला "पोरींचं मशीन" म्हणून हात लावेनात आणि त्या मशीनवरचं काम कोणी पाहायलाही जाईना.

१५ मार्च

ऊन लागलं, सकाळची शाळा. अकराच्या पुढं मशीन तापून बंद पडतात, बाजूचं झाकण काढून ठेवलं तर थोडं बरं, पण मग उंदीर, म्हणून जाताना झाकण परत लावायचंच.

खर्च एकत्र: एसएमपीएस ८५०, बॅटरी ११५०, माउस तीन ७५०, सेल दोन ८०, जुनी रॅम एक ४००, एक्स्टेंशन बोर्ड ३५०, हेडफोन ३५०, कार्डं आणि लॅमिनेशन १८०. एकूण ४११०. अर्धे लोकवर्गणीतून, अर्धे आम्ही दोघांनी.

ऊसतोडीहून काही घरं परतायला लागली. हाळी देणारी पोरगी सोमवारी शाळेत आली, तिच्या जागेवर गटात दुसरी पोरगी बसत होती, तिघांचे चौघं झाले. चौघांना काय काम द्यायचं यावर गट स्वतःच बोलत बसला आणि चौथं काम काढलं: विचारणारा, म्हणजे जो दर वेळी "असं काऊन?" (असं का?) एवढंच विचारणार. पुढच्या शनिवारी ते सगळ्या गटांत करून पाहतोय. चौथीची पोरं एप्रिलमध्ये जाणार, त्याच्या आधी प्रत्येकानं तिसरीतल्या एकाला कार्डं आणि सापाचा खेळ समजावून द्यायचा, ते सुरू झालंय. कार्डांचा नमुना कोणाला पाहिजे असेल तर छापून देते, लॅमिनेशन तेवढं तुमच्याकडे करून घ्या.